०.९२ चा हिरा १.०१ पेक्षा मोठा कसा काय दिसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की साखरपुड्याच्या अंगठीसाठी पुण्यात दोन दुकानं बघितली, एकीकडे १.०१ कॅरेटचा राउंड, दुसरीकडे ०.९२ चा, दोन्ही जी कलर, दोन्ही व्हीएस टू, म्हणजे रंग आणि शुद्धता सारखीच, दोन्हीला जीआयएचा, म्हणजे हिरे तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेचा, रिपोर्ट, आणि बोटावर ठेवून बघितलं तर ०.९२ वालाच मोठा वाटला, वर १.०१ ची किंमत पन्नास-साठ हजारांनी जास्त. हा डोळ्यांचा भास की कुठे काही गडबड? बरं झालं दोन्ही रिपोर्टमधली मापं पण लिहून पाठवलीत, कारण उत्तर त्यातच आहे.

भास नाहीये. ०.९२ चा हिरा खरंच रुंद आहे. १.०१ चं माप आहे ६.२१ – ६.२६ × ४.०६ एमएम आणि ०.९२ चं ६.२६ – ६.२९ × ३.८३. पहिले दोन आकडे म्हणजे वरून दिसणारा व्यास, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त, आणि शेवटचा आकडा म्हणजे वरच्या सपाट पैलूपासून, म्हणजे टेबलापासून, खालच्या टोकापर्यंतची उंची, जिला आम्ही डेप्थ म्हणतो. ४.०६ ला ६.२३५ नी भागलं की ६५.१ टक्के डेप्थ येते, ३.८३ ला ६.२७५ नी भागलं की ६१ टक्के. पहिला हिरा खोल आहे, दुसरा बरोबर आहे. जास्तीचे नऊ सेंट (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग) तुम्ही बोटावर बघूच शकत नाही, ते खाली गेलेत.

मी तेवीस वर्षं पॉलिश्ड हिऱ्यात काम करतेय, आधी मुंबईत ऑपेरा हाउसला असॉर्टिंगच्या, म्हणजे हिरे निवडून वेगळे करायच्या, टेबलावर आणि नंतर बाजार बीकेसीला गेल्यावर तिकडे, आणि सगळ्यात जास्त वेळा समजावून सांगितलेली गोष्ट हीच आहे की कॅरेट म्हणजे वजन, २०० मिलिग्रॅम, बस. साइज एमएममध्ये असते. दुकानात मात्र कोणी एमएम सांगत नाही, "एक कॅरेट आहे मॅडम" एवढंच सांगतात आणि आपण डोक्यात एक साइज धरून बसतो. नीट कापलेला एक कॅरेटचा राउंड साधारण ६.४ ते ६.५ एमएम भरतो, अर्धा कॅरेट ५.१ च्या आसपास, दोन कॅरेट ८.१. आता लक्ष द्या, वजन दुप्पट झालं तरी व्यास दुप्पट होत नाही, कारण हिरा तिन्ही बाजूंनी वाढतो. एक कॅरेटवरून दोनवर गेलात तर व्यास पावपटच वाढतो आणि किंमत दुप्पट नाही, त्याहून बरीच वर जाते, कारण मोठ्या हिऱ्याचा दर कॅरेटमागेच जास्त असतो.

घरी करून बघता येईल असा एक हिशोब सांगते. राउंड ब्रिलियंटसाठी, म्हणजे नेहमीच्या गोल घाटासाठी, व्यासाचा वर्ग गुणिले उंची गुणिले ०.००६१, सगळी मापं एमएममध्ये, उत्तर कॅरेटमध्ये. ०.९२ वाल्याचं करा, ६.२७५ चा वर्ग ३९.३८, गुणिले ३.८३, गुणिले ०.००६१, उत्तर ०.९२, अगदी बरोबर. आता १.०१ वाल्याचं करा, ६.२३५ चा वर्ग ३८.८८, गुणिले ४.०६, गुणिले ०.००६१, उत्तर येतं ०.९६. काट्यावर मात्र १.०१. मधले पाच सेंट कुठे आहेत? गर्डलमध्ये. गर्डल म्हणजे हिऱ्याची कंबर, वरचा भाग आणि खालचा भाग जिथे मिळतो ती कडा. तुमच्या रिपोर्टवर लिहिलंय थिक टू व्हेरी थिक. ही जाड कंबर वरून अजिबात दिसत नाही, चमकेला काही देत नाही, फक्त काट्यावर बसते. म्हणजे चार-पाच सेंट खोलीत आणि चार-पाच सेंट कंबरेत, असे दोन खिसे आहेत, आणि रिपोर्टवर कट गुड अशी, म्हणजे एक्सलंट आणि व्हेरी गुडच्या खालची, ग्रेड त्याच्यामुळेच आलीय.

आता कारागिराला कळत नव्हतं का, तर उलट, त्याला सगळं कळत होतं. सुरतेला वराछा, कतारगामच्या कारखान्यांत रफ, म्हणजे न कापलेला दगड, आधी स्कॅन होते, मशीन दगडाच्या आतले डाग बघून सांगतं की यातून काय काय निघू शकेल, आणि स्क्रीनवर प्रत्येक पर्यायाखाली वजन आणि किंमत येते. घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसणारे मथाळा आणि तळिया असे शब्द वापरतात, मथाळा म्हणजे वरचा क्राउन, तळिया म्हणजे खालचा पॅव्हिलियन, आणि तळिया किती उभा ठेवायचा हा निर्णय त्यांच्या हातात दगड यायच्या आधीच झालेला असतो. निर्णय घेणारा बघतो रेटची पट्टी. रॅपापोर्टची लिस्ट १९७८ पासून निघते आणि त्यात दर वजनाच्या गटानं आहेत, ०.९० ते ०.९९ चा एक गट, १.०० ते १.४९ चा दुसरा, आणि ०.९९ वरून १.०० वर गेलं की कॅरेटमागचा दरच उडी मारतो. फक्त हिशोबासाठी आकडे धरू, खरे दर रोज बदलतात. समजा नव्वदच्या गटात दर चार लाख रुपये कॅरेट आणि एकच्या गटात पाच लाख. त्याच रफमधून एकतर ०.९३ चा सुंदर हिरा निघतो, त्याचे झाले ३ लाख ७२ हजार. किंवा तळिया थोडा उभा ठेवून, कंबर जाड ठेवून १.०१ निघतो, कट खराब म्हणून पंधरा टक्के खाली विकला तरी सव्वाचार लाखाच्या दरानं होतात ४ लाख २९ हजार. सत्तावन्न हजारांचा फरक. कारखानदार काय करेल? मी त्याला दोष देत नाही, रफ त्यानं वजनावर विकत घेतलीय आणि घासून जे उडालं ते कायमचं गेलं. पण त्याचा नफा आणि तुमच्या बोटावरची शोभा या ठिकाणी वेगळ्या दिशेला जातात आणि हे गिऱ्हाइकाला माहीत असलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच ०.३०, ०.५०, ०.७०, ०.९०, १.००, १.५०, २.०० या आकड्यांच्या जरा वर बसलेला हिरा हातात आला की मी आधी डेप्थ आणि गर्डल बघते. १.००, १.०१, १.०२ मध्ये असे ओढूनताणून पूर्ण केलेले खूप सापडतात. आणि उलट बाजूनं ०.९२ ते ०.९८ मधला नीट कापलेला हिरा कमी मिळतो, कारण इतक्या जवळ येऊन तिथे थांबणारा माणूस सहसा नाइलाजानंच थांबलेला असतो, म्हणजे डाग होता, कोपरा उडाला होता, म्हणून कापावं लागलं. तुम्हाला तो मिळालाय.

इथपर्यंत नुसत्या मापाचं झालं. पण हिरा मोठा "दिसणं" हे पट्टीनं मोजता येतं त्याहून थोडं वेगळं आहे आणि खरं सांगायचं तर मला यातच जास्त रस आहे. आपण हिरा बघतो म्हणजे त्यातून परत आलेला उजेड बघतो. जिथून उजेड परत येत नाही तो भाग डोळा मोजत नाही. कडेला अंधार असेल तर ६.४ एमएमचा हिरा ६ चा वाटतो. हे सगळं कोनांवर आहे. हिऱ्याचा वक्रीभवनांक २.४२, त्यामुळे क्रिटिकल अँगल साडेचोवीस अंशांच्या आत, म्हणजे आत गेलेला किरण पैलूवर त्याहून तिरका आदळला की बाहेर न जाता आतच परततो. तळियाचा कोन बरोबर असेल तर किरण एका बाजूला आदळून दुसरीकडे, तिथून वर टेबलातून किंवा क्राउनमधून तुमच्या डोळ्यात. १९१९ मध्ये अँटवर्पच्या हिरेवाल्या घराण्यातल्या मार्सेल टोल्कोव्स्कीनं याचं गणित मांडलं, टेबल व्यासाच्या ५३ टक्के, क्राउन ३४.५ अंश, पॅव्हिलियन ४०.७५ अंश, आणि शंभर वर्षं झाली तरी आम्ही अजून त्याच्याच आसपास फिरतोय.

तळिया ४३ अंशांच्या वर गेला की टेबलाच्या मधोमध काळोख दिसायला लागतो, खिळ्याच्या डोक्यासारखा काळा गोल, त्याला नेलहेडच म्हणतात. तळिया ३९ च्या खाली गेला आणि टेबल मोठं असलं की टेबलाच्या आत गर्डलचं प्रतिबिंब राखाडी कड्यासारखं दिसतं, माशाचा डोळा, फिशआय. हे दुसरं लक्षात ठेवा कारण आता माझं म्हणणं ऐकून कोणी उलट्या टोकाला जाईल, की मग सगळ्यात उथळ, सगळ्यात पसरट हिरा घ्यावा, तोच सगळ्यात मोठा दिसेल. नाही हो. ५५ टक्के डेप्थचा एक कॅरेट ६.७ एमएम भरतो खरा, पण मध्ये काच ठेवल्यासारखा दिसला तर त्या ६.७ चं करायचं काय. शिवाय उथळ हिऱ्याची कंबर कागदासारखी बारीक असेल तर प्रॉन्ग, म्हणजे हिरा पकडणारी धातूची नखं, बसवताना नाहीतर दारावर आपटल्यावर कडेचा टवका उडतो. पसरट हिरे स्वस्तात देणारे दलाल असतात, "साइज बघा साइज" म्हणतात, तिथे टेबलाच्या आत नीट बघायचं.

क्राउन आणि पॅव्हिलियन यांची जोडी जमावी लागते हे कोणी सांगत नाही. क्राउन जरा उभा असेल तर तळिया जरा बसका हवा, आणि उलट. ३४.५ ला ४०.८ सुंदर जातं. ३६ च्या क्राउनला ४१.६ चा तळिया लावला तर दोन्ही उभे, टेबलाच्या कडेखाली उजेड गळतो आणि एक मळकट रिंग दिसते, आणि गंमत म्हणजे अशा उभ्या जोड्यांपैकी काहींना जीआयए एक्सलंटही देते. २००६ पासून ते राउंडला कट ग्रेड देतात आणि एक्सलंटची हद्द बरीच रुंद आहे, टेबल ५२ ते ६२, डेप्थ ५७.५ ते ६३, पॅव्हिलियन ४०.६ ते ४१.८. त्यामुळे ट्रिपल एक्स, म्हणजे कट, पॉलिश आणि सिमेट्री तिन्ही एक्सलंट, बघून डोळे मिटून घेऊ नका. दोन ट्रिपल एक्स, दोन्ही एक कॅरेट, एकाची डेप्थ ६३ आणि दुसऱ्याची ५९.५, पहिला ६.३८ एमएम भरेल आणि दुसरा ६.५०. मी स्वतःच्या माणसासाठी बघते तेव्हा टेबल ५४ ते ५८, डेप्थ ६० ते ६२, क्राउन ३४ ते ३५, पॅव्हिलियन ४०.६ ते ४१ आणि गर्डल थिन ते मीडियम, फार तर स्लाइटली थिक, एवढ्यात असेल तरच पुढे बोलते. ६०/६० म्हणजे टेबल पण साठ आणि डेप्थ पण साठ असा जुना प्रकार आहे, तो थोडा पसरतो, रंगीत झगमग कमी आणि पांढरा उजेड जास्त, काहींना तोच आवडतो आणि त्यात चूक काही नाही.

वजन घालवून उजेड मिळवायचा याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या गोवळकोंड्याकडचंच आहे. कोहिनूर १८५१ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ठेवला तेव्हा बघायला गर्दी झाली आणि लोक नाराज होऊन परतले, एवढं नाव ऐकलं आणि हा तर काचेच्या तुकड्यासारखा. तो जुन्या मुघली घाटाचा होता, त्या कारागिरांनी शक्य तेवढं वजन राखलं होतं. १८५२ मध्ये अॅमस्टरडॅमच्या कोस्टर कंपनीचे कारागीर बोलावून तो परत कापला, ३८ दिवस काम चाललं, आणि आजच्या मापानं १९१ कॅरेटचा हिरा १०५.६ वर आला. चाळीस टक्क्यांवर वजन गेलं. मला विचाराल तर तो जुना घाट तसाच राहायला हवा होता, कारण तो त्या काळचा आणि त्या हातांचा होता, पण वजन आणि चमक यांच्यातली ओढाताण यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार नाही.

माझ्या मावशीची गोष्ट सांगते. मी या धंद्यात यायच्या आधी तिनं लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला एका दुकानातून एक कॅरेट घेतला, पै पै साठवून, आणि घेतल्या दिवसापासून तिला वाटायचं की शेजारणीचा ऐंशी सेंटचा आपल्यापेक्षा मोठा दिसतो, पण बोलायची नाही कारण कागदावर एक कॅरेट होता ना. मी शिकल्यावर काढून मोजला, ६.०५ एमएम. डेप्थ ७० च्या वर. काटा खरा बोलत होता, कोणी खोटं सांगितलं नव्हतं, पण तिला एक कॅरेटच्या पैशात ऐंशी-पंच्याऐंशी सेंटचं रूप मिळालं होतं. परत कापायचा विचार केला, पण वजन एकच्या बरंच खाली गेलं असतं आणि तिचा जीव त्या "एक" मध्ये अडकला होता, मग तसाच ठेवला. तेव्हापासून माझ्याकडे कोणी आलं की मी पहिला प्रश्न एमएमचा विचारते.

बजेट फिक्स असेल आणि मोठं दिसणंच हवं असेल तर दुसरे घाट पण बघा. एक कॅरेटचा ओव्हल साधारण ७.७ × ५.७ एमएम येतो, मार्कीज दहा लांब पाच रुंद, बोटावर लांब दिसतात, आणि दर राउंडपेक्षा सहसा कमी असतो. प्रिन्सेस उलट, एक कॅरेटचा साडेपाच एमएमचा चौकोन, कारण त्याची डेप्थ सत्तरच्या वरच असते, वजन सगळं पोटात. कुशनचंही बऱ्याचदा तेच. ओव्हल, पेअर, मार्कीजमध्ये मधोमध बो-टायसारखी काळी सावली पडते, थोडी चालते, जास्त असली तर हिरा दोन तुकड्यांत दिसतो, आणि या घाटांच्या रिपोर्टवर सहसा कट ग्रेड नसते म्हणून व्हिडिओ तरी बघितल्याशिवाय घेऊ नका.

आणि आपल्याकडच्या सात हिऱ्यांच्या कुड्या आठवा. दहा-दहा सेंटचे सात खडे, प्रत्येक तीन एमएमचा, फूल झालं नऊ एमएमचं, वजन एका कानात फक्त सत्तर सेंट. नऊ एमएमचा एकटा हिरा घ्यायचा तर पावणेतीन कॅरेट लागेल. आपल्या आज्या-पणज्यांना हे रूप आणि वजनाचं गणित पक्कं माहीत होतं. हल्ली प्रेशर सेटिंगमध्ये तेच करतात, लहान खडे इतके जवळ बसवतात की लांबून सॉलिटेअर वाटतो. मिरॅकल प्लेट मात्र नीट विचारून घ्या, त्यात खड्याभोवती चकचकीत धातूची पैलूदार तबकडी असते, पंधरा सेंटचा खडा पंचवीसचा वाटतो, सुरुवातीला छान दिसते आणि धातू मळला की खरा खडा उघडा पडतो.

आता एक कॅरेटच्या बाजूनंही बोलते, नाहीतर उत्तर अर्धवट राहील. पुढेमागे एक्स्चेंज किंवा बायबॅक केलात तर दुकान वजन आणि रिपोर्ट बघून हिशोब करतं, आणि १.०० च्या वरच्या गटाला मागणी जास्त असते. म्हणून नीट कापलेला, ६.४ च्या वर भरणारा १.०१ मिळाला तर तो जास्त पैसे देऊन घ्यावा, पैसे वाया नाहीत. तुमच्यासमोर तो पर्याय नाहीये. तुमच्यासमोर गुड कटचा १.०१ आहे, आणि विकायला जाल तेव्हा समोरचा डेप्थ आणि गर्डलवर बोट ठेवून भाव पाडणारच. लॅब ग्रोनचं, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याचंही तुम्ही विचारलंय, तर तिथे हाच नियम जास्त कडक लावा, उजेडाचं शास्त्र तेच आहे आणि दर इतके उतरलेत की खराब कट चालवून घ्यायला काही कारणच उरत नाही.

तुमच्या जागी मी असते तर ०.९२ घेतला असता, पण आधी एवढं करा. दोन्ही हिरे दुकानाच्या स्पॉटलाइटखाली बघू नका, त्या दिव्यांत सगळंच चमकतं. दारापाशी किंवा खिडकीपाशी न्या, मग दुकानाच्या काउंटरखाली सावलीत धरा, आणि हळूहळू डुलवा, कडेपर्यंत उजेड फिरतो का बघा. आधी कापडानं स्वच्छ पुसायला लावा, कारण तळियावर तेलाचा पातळ थर बसला की क्रिटिकल अँगल साडेचोवीसवरून अडतीसच्या आसपास जातो आणि चांगला हिराही उजेड गाळायला लागतो. खोबरेल तेल आणि हँड क्रीमवाल्या हातातल्या अंगठ्या चार महिन्यांत लहान दिसायला लागतात त्या याच्यामुळे, कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि मऊ ब्रश, मागच्या बाजूनं घासा, परत पहिल्यासारखी. आणि हिरा बसवायच्या आधी सुटा असताना गेजवर माप घ्यायला सांगा आणि रिपोर्टशी जुळवा, ६.२६, ६.२९, ३.८३, तिन्ही आकडे. एकदा प्रॉन्गमध्ये बसला की खालची खोली नीट मोजता येत नाही.